डाव्या जाळीतला वारा

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या याच उजव्या हाताला जाणवलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी गुरुप्रसाद. कुडाळात माझं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे.

गेल्या वर्षी ईस्टर झाल्यावरचा गुरुवार. दुपारचे अडीच. रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर डोळे उघडवत नव्हते, इतकं ऊन होतं.

कुस्तोदियो अंकल आपली जुनी व्हॅन घेऊन दुसऱ्यांदा आले.

अंकल मालवणकडचे. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. त्यांची बायको, इमेल्डा आंटी, फेब्रुवारीत कॅन्सरने गेली. तेव्हापासून घरात एकटेच.

"गुरू, थंड आसा रे. पण वारो येणा नाय."

आठवड्यापूर्वीही हीच तक्रार होती. तेव्हा फिल्टर धुळीने गच्च भरलेला निघाला. मी नवीन घातला. कूलिंग कॉईल धुतली, ब्लोअर साफ केला. डॅशबोर्डवरच्या सगळ्या जाळ्यांतून झकास वारा सुटला होता.

"आता खंयसून येणा नाय?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या सीटपुढची जाळी दाखवली. "ही एकच."

मी आत बसून तपासलं. जाळीमागची झडप नीट उघडत होती. पाइप कुठे सुटला नव्हता. जाळीला दोऱ्याचा तुकडा बांधला, तर तो सरळ आडवा उडत होता.

काहीच बिघाड नव्हता. मी उतरलो.

अंकल ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. दार लावलं.

आणि दोरा... हळूच खाली लोंबला.

ब्लोअर तसाच घोंघावत होता. बाकीच्या जाळ्यांतून वारा येत होता. फक्त त्या एका जाळीतून नाही.

अंकल उतरले. दोरा उडायला लागला.

ते बसले. दोरा लोंबला.

तीनदा करून बघितलं. त्यांच्या वजनाने कुठेतरी पाइप दबत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, "चला अंकल, एक चक्कर मारूया."

मी मागे बसलो. डावी सीट मोकळी होती, तरी मागे बसलो. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

नेरूरपारचा पूल जवळ आला, तेव्हा मी पुढे वाकून जाळीसमोर हात धरला.

वारा येत होता. पण सलग नाही.

चार बारीक धारा... आणि मधे काहीच नाही. कुणाच्या बोटांच्या फटींतून यावा, तसा.

मी हात आणखी पुढे नेला.

एसी चालू असलेली गाडी. थंडगार जाळी. आणि तिच्यासमोर... ऊब होती. माणसाच्या हाताची ऊब.

मी झटकन हात मागे घेतला.

"अंकल... आंटी खंय बसायची?"

अंकलनी गाडी कडेला घेतली.

"थंयच," ते म्हणाले. "कीमो घेवन गोव्यासून येताना तिका थंडी वाजायची. जाळयेर हात धरून बसायची."

मी त्या जाळीकडे बघितलं.

"शेवटच्या दिवशी माका खूप उकडत होता. मी वराडलंय तिच्यार. हात काढ गो, जरा वारो येवंदे, म्हटलंय. तिना काढलो. कायएक बोलूक नाय. आनी बांदा गाव येवच्या आदी..."

त्यांचा आवाज तुटला.

"माका वाटला, झोपली."

ब्लोअर घोंघावत होता.

"ह्या कोणाक सांगूक नाय रे मी. माझ्या लेकीक, एलिनाक पण नाय."

मग त्यांनी एसी बंद केला. त्या रिकाम्या सीटकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बंद केलंय गो, इमेल्डा. आता परत लावचंय नाय."

परत येताना आम्ही दोघे घामाने निथळत होतो. काचा मात्र कुणीच उघडल्या नाहीत.

गॅरेजवर उतरताना ते म्हणाले, "ब्लोअरचो फ्यूज काढून ठेव."

मी काढला.

बारा दिवसांनी अंकल परत आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"गुरू, फ्यूज घाल परत."

"कित्याक, अंकल? उकडता?"

"बंद केल्यापासून ती येणा नाय."

मी फ्यूज घातला. एसी लावला.

दोरा उडाला. सरळ, आडवा. अंकल आत बसलेले असूनही.

"थांब जरा," अंकल म्हणाले.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं. अर्धा तास. दोरा उडतच होता. शेवटी त्यांनी स्वतःचा हात जाळीपुढे धरला. त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस वाऱ्याने हलत होते.

"बरो येता," ते म्हणाले. आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

माझ्या धंद्यात याला गाडी दुरुस्त झाली असं म्हणतात. मला मात्र माझ्या हातून काहीतरी मोडल्यासारखं वाटलं.

अंकल अजून येतात. रविवारी, चर्चमधली मिसा आटपून.

"गुरू, वारो कमी झालोसो दिसता. बघ रे."

मी वाकून हात धरतो. वारा पूर्ण असतो. दर वेळी.

"होय, अंकल," मी सांगतो. "थोडो कमी आसा."

मग ते बराच वेळ गाडीत बसून राहतात. एकटेच, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत. मी दुसऱ्या कामाला लागतो.

परवाच्या रविवारीही मी तेच खोटं बोललो. हात अजून जाळीपुढेच होता...

आणि तळव्यावरचा वारा थांबला.

क्षणभर. जेमतेम.

अंकलना मी अजून सांगितलेलं नाही. रोज वाटतं, फोन करावा. पण सांगितलं, आणि पुढच्या रविवारी वारा पुन्हा पूर्ण आला, तर?