न निवलेला ठोकळा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेली. आणि मावशीला तिखटमीठ लावून सांगता येत नाही. तेवढा उत्साहच नाही तिच्यात.

गुरुवार. दुपारचे अडीच. भर उजेडात.

मावशी हीट सिंकच्या कारखान्यात आहे. हीट सिंक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे, कंगव्यासारखी पाती असलेले. यंत्रातला भाग तापला की त्याची उष्णता ओढून हवेत सोडायची, एवढंच त्यांचं काम. करवतीवरून आलेल्या ठोकळ्यांच्या कडा कानशीने घासायच्या, हे मावशीचं काम.

समोरच्या टेबलावर डावखुरी बसायची. एकोणीस वर्षं. डाव्या हाताने कानस चालवायची, म्हणून सगळे तिला तेच म्हणत.

डावखुरी सोमवारी गेली. तापाने.

मावशी रडली नाही. मंगळवारी कामावर आली. बुधवारीही आली. घासत राहिली.

गुरुवारी जेवणानंतर वीज गेली. करवत थांबली. पंखे थांबले. बाकीच्या बायका वारा खायला बाहेर गेल्या. मावशी जागची हलली नाही.

आणि मग...

खर्र... खर्र...

कानस. समोरून.

टेबल रिकामं होतं. कानस खुंटीला लटकलेली होती. आवाज मात्र चालूच.

मावशी म्हणते, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मग आवाज थांबला.

ती उठून समोर गेली. डावखुरीच्या ट्रेला कुणी हात लावला नव्हता. पण त्यातला एक ठोकळा बाजूला काढलेला होता. कडा घासलेल्या. उलट्या बाजूने... डाव्या हाताने घासतात तशा.

तिने उचलला. हातमोज्यातूनही गरम लागला. मोजा काढून तळहात टेकवला.

चटका नव्हता. अंगात ताप असतो ना... तसा.

शनिवारी डावखुरीने विचारलं होतं, "जरा कपाळाला हात लावून बघ गं, ताप आहे का?"

मावशीने मानही वर केली नव्हती. "हातात मोजे आहेत. ट्रे संपू दे."

ट्रे संपला. सुट्टी झाली. हात लावायचा राहून गेला.

वीज आली. मावशीने ठोकळा पंख्यासमोर धरला. पाण्यात बुडवला. एरवी असे ठोकळे बघता बघता निवतात. हा संध्याकाळपर्यंत तसाच.

शेवटी तिने सुपरवायझरला सांगितलं, हा मला घरी नेऊ द्या. त्याने हात लावला. पटकन मागे घेतला.

"उन्हात ठेवला असेल," तो म्हणाला. "माल आहे बाई. घरी नेता येत नाही."

आणि खोक्यात टाकला. दुसऱ्या दिवशी खोकं गेलं. कुठे, ते मावशीला माहीत नाही. असेल कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी यंत्राच्या पोटात.

मावशी अजून तिथेच कामाला आहे. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. शेवटी विचारलं, "निवला असेल का गं तो?"

मी तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी माझ्याकडे ओढली...

तिने पुन्हा विचारलं नाही.