सतरावा कॅमेरा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

वार मंगळवार. भर दुपारचा दीड. जागा, औंढ्याहून सिद्धेश्वर धरणाकडे जाणारा रस्ता.

भुतांना रात्रच लागते असं समजणाऱ्या शहाण्यांनी तर जरूर वाचावी.

माझं आखाडा बाळापूरला मोबाईलचं दुकान आहे. गाडीत रस्ता दाखवणारं जीपीएस यंत्र असतं ना, त्यात मी वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जागाही भरून देतो. कॅमेरा जवळ आला की यंत्रातली बाई आधीच सांगते. मग हे शूर गडी तेवढ्यापुरते सभ्य होतात. कॅमेरा मागे पडला की पुन्हा बेफाम.

या शूरांचा मुकुटमणी म्हणजे स्वप्निल. माझ्या बायकोचा, साधनाचा भाऊ. अक्कल शून्य, गाडी नव्वद.

नुकतंच त्याला धरणावरची मासळी आणायचं काम लागलं होतं.

"दाजी, अजून एक टाका. धरणाच्या अलीकडं, लिंबाच्या वळणावर. समदे टेम्पोवाले तिथं ब्रेक मारून राहिले. कॅमेरा हाये बराबर."

"खांब पाहिलास?"

"काहून पाहू? लोक उगंच हळू होतेत व्हय?"

मी टाकला. सतरावा.

चार्जर घ्यायला आलेला धर्मसिंग हसला. तांड्यावरचा जुना ड्रायव्हर.

"कॅमेरा न्हाई रे बाबा. मालनबाईचा दगड हाये तिथं. दोन वर्षांखाली शेळ्या घेऊन चालली होती, कोन्या गाडीनं उडवलं. थांबलं बी न्हाई बेनं! तवापासून आमी तिथं हॉर्न देतो, हळू होतो."

स्वप्निलचं तोंड पांढरं पडलं.

"काढून टाका, दाजी. अन् आज तुमी संगं चला."

मी काढला. यादीत सोळा राहिले. स्वतः पाहिले.

त्याच दुपारी दोघं निघालो. लिंबाचं वळण आलं तसं या दिवट्यानं हळू व्हायचं सोडून गाडी दामटली. हॉर्नला हातही लावला नाही. लिंबाखालचा शेंदूर लावलेला दगड झर्रकन मागे गेला. यंत्र गप्प होतं.

मग...

"पुढे कॅमेरा आहे. तीनशे मीटर."

पुढे तर नुसता सरळ रस्ता होता.

"दोनशे मीटर."

स्वप्निलनं गाडी थांबवली. किल्ली काढली. वारा नाही, पाखरू नाही.

"शंभर मीटर."

गाडी उभी होती... मग अंतर कमी कोण करत होतं?

मागून शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. मी वळून पाहिलं. रस्त्यावर शेळी नव्हती. काहीच नव्हतं. घंटी मात्र जवळ येत होती.

मी यंत्रातली यादी उघडली.

सतरा.

"दाजी..." स्वप्निल लेकरासारखा रडायला लागला. "त्या दिवशी मीच होतो. मला वाटलं, शेळी हाये. म्हून थांबलो न्हाई."

शेळी असती तरी थांबायला काय धाड भरली होती? मला त्याची किळस आली.

घंटी खिडकीपाशी येऊन थांबली.

त्याच्या नाही... माझ्या.

आता स्वप्निल वीसच्या वेगानं चालवतो, दर वळणाला हॉर्न देतो. लोक हसतात. मी त्याला भेकड म्हणतो. घरातल्या घरात, हळू आवाजात.

ते यंत्र माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. सगळं पुसलंय. बॅटरीही काढलीय.

मालनबाईची लेक चांगुणा दर आठवडी बाजाराला दुकानाच्या पायरीशी येते.

"दादा, तुमच्याकडं समद्या गाडीवाल्यांची ये-जा. कोन होतं ते, काही कळलं का?"

"न्हाई, बाई."

पहिल्यांदा ती वळली तेव्हा ड्रॉवरमधून आवाज आला... "ऐंशी मीटर." पुढच्या बाजारी, पन्नास. साधनाचा भाऊ आहे हो तो, मी काय सांगणार?

काल चांगुणा पुन्हा आली होती. मी पुन्हा "न्हाई" म्हणालो.

"दहा मीटर."

पुढचा बाजार सहा दिवसांवर आहे.