मामांना उतरवू नका

आमच्या गावात दोन मजल्यांच्या वर एकही इमारत नाही. पण लिफ्टचा कारखाना आहे. लिफ्ट तपासायला एक उंच मनोरा आहे. त्यात खोल्या नाहीत, बिऱ्हाडं नाहीत... नुसती वर जायची सोय.

त्या सकाळी धुकं होतं. मी लिफ्टमध्ये वजनासाठी वाळूची पोती रचत होते. पोत्यांशी आमची नाती आहेत — सगळ्यांत जड ते मामा, मग मावशी, मग काका. इतक्यात एक अनोळखी तरुण आत शिरला आणि घंटा वाजली.

"वजन जास्त झालं," मी म्हणाले. "मामांना उतरवावं लागेल."

तो झटकन बाहेर पडला. "छे छे, त्यांना कशाला त्रास? मी पुढच्या फेरीला येतो."

"मामा वाळूचे आहेत."

त्यानं पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"तरी मोठे आहेत," तो म्हणाला.

बस्स. तिथंच माझा तोल गेला. लिफ्ट तर जागेवरच होती.

तो विद्यापीठातून आला होता. लिफ्टदुरुस्तीचा अभ्यासक्रम काढायचा, तो कारखान्यातच शिकवायचा, आणि शिकलेल्यांनी आसपासच्या दवाखान्यांच्या लिफ्ट सांभाळायच्या — म्हणजे पोटासाठी कुणाला गाव सोडायला नको. सगळं ठरलं होतं. फक्त मंजुरी येत नव्हती. आणि मला शहरात नोकरी लागली होती. जायचं नव्हतं... पण जन्मभर मामांना चढवत-उतरवत थोडंच बसणार?

तो रोज येऊ लागला. "अभ्यासाला." आम्ही वर जायचो. झरोक्यातून खाली गाव दिसायचं — धुक्यावर तरंगणारं, कुणीतरी अलगद ठेवून विसरल्यासारखं.

"शहरात लिफ्ट खऱ्या इमारतीत असते म्हणे," मी म्हणाले.

"असते. पण त्यात मावशी नसतात."

"माझी आठवण येईल?"

"मामांना फार येईल. बोलून दाखवत नाहीत ते."

"आणि तुम्हाला?"

"माझा स्वभाव जरा... मामांवर गेलाय."

निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन मामांचा निरोप घ्यायला गेले. घरून निघताना हे ऐकून आईनं कपाळावर हात मारून घेतला. मी लिफ्टमध्ये उभी होते, तोच तो धापा टाकत दारात आला.

"मंजुरी आली! शिकवायला हातानं काम केलेलं माणूस हवंय. विद्यापीठाला तू हवी आहेस."

'तू' दोघांनीही ऐकलं.

"विद्यापीठाला?"

"विद्यापीठाला सोमवारपासून." तो थांबला. कान लाल झाले. "मला... पहिल्या घंटेपासून."

तो आत आला. घंटा वाजू लागली.

"मामांना उतरवू?" त्यानं हळूच विचारलं.

"नको. मोठे आहेत."

मी माझी बॅग उचलली — आईनं भरलेली, मामांच्या तोडीची — आणि दाराबाहेर ठेवली.

घंटा थांबली. दार मिटलं. आम्ही सगळे वर निघालो.