दोन कोटी वर्षांचे दोन कण

बिंदुमाधव पाटणकरांनी डब्यातली वाळू तुळशीच्या कुंडीत ओतायला घेतली आणि प्रेमलाबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

"हात लावू नका! हरितालिकेची वाळू आहे ती."

"हरितालिका तर परवा झाली."

"म्हणून काय झालं? पूजेची उरलेली वाळू गंगेतच जायची. गीता आणि मी ज्येष्ठात, गंगा दशहऱ्याला, पलीकडच्या रेतीवरून दोन डबे शिगोशीग भरून आणले होते. श्रावणात गंगाजी चढली की मिळते का वाळू? यंदा गीताचा डबा अर्ध्याहून रिकामा निघाला. मी माझ्यातली दिली तेव्हा कुठे तिची पिंडी झाली. आणि तुम्ही निघालात कुंडीत ओतायला!"

बँकेतून निवृत्त झालेला माणूस घरात नेमका कोणाच्या तरी पायात येतो. बिंदुमाधवांनी डबा ठेवला आणि बनारसच्या दुर्गाघाटाच्या त्याच गल्लीत, चार दारं सोडून राहणाऱ्या चुलतबहिणीकडे मोर्चा वळवला. लीला आठल्ये खासगी तपास करत असे आणि बिंदुमाधव तिला मदत करत. म्हणजे, जो पहिला भेटेल त्याला ते चोर ठरवत आणि लीला त्याला सोडवत असे.

आज लीलासमोर एक मुलगी रडत बसली होती.

"ही हिमानी," लीला म्हणाली. "विद्यापीठात दगडांवर संशोधन करते. उद्या हिचं नाव संशोधनातून कापणार आहेत. खोटे आकडे दिले म्हणून."

"मी खोटं नाही केलं, मावशी," हिमानीने डोळे पुसले. "सोनभद्रच्या डोंगरातला ग्रॅनाइट आहे. त्यात टंगस्टनच्या खनिजाची शीर आहे. दगडात झिरकॉनचे बारीक कण असतात. कण जन्मतो तेव्हा त्यात युरेनियम अडकतं, मग त्याचं हळूहळू शिसं होतं. शिसं किती झालं ते मोजलं की कणाचं वय कळतं. माझे सगळे कण एकशे साठ कोटी वर्षांचे निघाले, शिरेतलेसुद्धा. म्हणजे उत्तर आणि दक्षिण भारताचे भूखंड तेव्हा एकमेकांवर आदळले, आणि त्याच उष्णतेत हे खनिज तयार झालं!"

रडता रडता तिचा आवाज चढला होता. बिंदुमाधवांना ती तिथेच आवडली.

"मग बिघडलं कुठे?"

"समितीने फेरतपासणी मागितली. श्रावणात, गंगाजी चढलेली असताना, मी त्याच दगडाची नवी पूड केली. ती काही दिवस प्रयोगशाळेच्या कपाटात होती. मग वय मोजायला बाहेरगावी पाठवली. उत्तर आलं, निम्मे कण शंभर कोटींच्या आसपासचे. आणि दोन तर फक्त दोन कोटींचे!"

"यंत्र चुकलं असेल," बिंदुमाधव म्हणाले.

"मध्ये मध्ये माहीत असलेल्या वयाचा कण ठेवून यंत्र तपासतात, काका. ते बरोबर होतं."

"प्रत्येक कणाचा फोटो काढतात का?" लीलाने विचारलं.

हिमानीने लॅपटॉप उघडला. लीला बराच वेळ बघत राहिली. काही कण धारदार, टोकदार होते. काही राजगिऱ्यासारखे गोल.

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याशिवाय तिघांकडे. कुशल, ऋतुराज आणि आमच्या विभागातले डॉक्टर विश्वजीत सर."

प्रयोगशाळेतला मदतनीस कुशल विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्यात राहत असे. त्याच्या दाराशी तांबड्या वाळूचा ढीग पाहून बिंदुमाधवांनी लीलाला कोपराने ढोसलं.

"मोरंग है, बाबूजी," कुशल म्हणाला. "सोन नदी की. ऊपर एक कमरा निकाल रहे हैं."

"गंगेची वाळू नाही वापरत?" लीलाने विचारलं.

"बाढ़ में कहाँ से लाएँ, दीदी? घाट तक डूबे थे. बाज़ार में तो यही मिलती है."

ऋतुराज वसतिगृहात राहायचा. तोही संशोधन करणारा, नागपूरचा, हिमानीच्याच जागेवर डोळा ठेवून असलेला. त्याच्या भिंतीवर पलीकडच्या रेतीत व्हॉलीबॉल खेळतानाचा फोटो होता. बिंदुमाधवांनी पुन्हा कोपर उचललं.

"रेतीवर शेवटचा कधी गेलास?"

"मे महिन्यात, मावशी. नंतर पाणी चढलं, नावा बंद झाल्या. अजून बंदच आहेत."

"थोडी वाळू आणली होतीस का?"

तो हसला. "रेत घर लाके क्या करूँगा?"

डॉक्टर विश्वजीतांकडे गणपती बसला होता, म्हणून दर्शनाचं निमित्त मिळालं. त्यांच्या पत्नी गीतावहिनींनी मोदक दिले. विश्वजीत शांतपणे बोलत होते.

"पोरगी हुशार, पण घाई फार. भूखंडांची ती टक्कर शंभर कोटी वर्षांपूर्वीची, हे मी वीस वर्षं सांगतोय. फेरतपासणीत तेच दिसतंय."

"आणि दोन कोटींचे दोन कण?"

"यंत्राची चूक. असले कण सोडून द्यायचे असतात."

"मी नेमकी सोडून दिलेली गोष्ट उचलते," लीला म्हणाली आणि तिने दुसरा मोदक घेतला.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षाबाईंनी हिमानीचं नाव कापण्याचा कागद पुढे ओढला.

"सही करण्याआधी फोटो बघा," लीला म्हणाली. "हिमानी, धारदार कणांची वयं वाच."

हिमानी वाचू लागली. एकशे साठ कोटी. एकशे एकसष्ट. एकशे साठ. वाचता वाचता तिचा आवाज ठाम होत गेला.

"आता गोल कणांची."

शंभर, ऐंशी, एकशे दहा, दोन.

"दगडात जन्मलेला कण दगडातच राहिला तर त्याच्या धारा शाबूत राहतात," लीला म्हणाली. "नदीतून वाहत आला तर त्या झिजतात. पुडीत कोणीतरी वाळू मिसळली. दोन कोटी वर्षांचा कण आपल्याकडे कुठे जन्मतो?"

"हिमालयात!" हिमानी ओरडली. "तिथली टक्कर अजून चालू आहे!"

"म्हणजे वाळू गंगेची. कुशलची मोरंग सोनची, ती नदी दक्षिणेकडच्या डोंगरांतून येते, तिला हिमालय ठाऊक नाही. पण श्रावणात पलीकडची रेती पाण्याखाली होती आणि घाटांवर नुसता गाळ. ऋतुराजकडे साठवलेली वाळू नव्हती. मग बनारसमध्ये पुरात गंगेची वाळू कोणाकडे सापडेल?"

बिंदुमाधवांच्या डोक्यात लखकन उजेड पडला. "आमच्याकडे! हरितालिकेच्या डब्यात!"

"पण तुमच्याकडे कपाटाची किल्ली नाही, दादा. किल्ली आणि डबा दोन्ही एकाच घरात आहेत. गंगा दशहऱ्याला शिगोशीग भरलेला त्यांचा डबा हरितालिकेला अर्ध्याहून रिकामा निघाला, हे वहिनींकडूनच मला कळलं. प्रेमलावहिनींनी आपली वाळू दिली तेव्हा गीतावहिनींची पिंडी झाली."

विश्वजीत ताठ उठले. "डब्यावरून तुम्ही माणूस चोर ठरवता?"

"गीतावहिनींना बोलावू? डब्याला हात कोणी लावला, ते त्या सांगतील."

विश्वजीत उभे होते ते खाली बसले.

"तिला नको," ते हळूच म्हणाले. "हिमालयातून आलेल्या वाळूत शंभर कोटींचे कण भरपूर असतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वीस वर्षांचं काम एका पोरीच्या हातून..."

"एक टक्कर लपवायला निघालात," लीला म्हणाली, "आणि दुसरीच साक्षीला आली."

अध्यक्षाबाईंनी समोरचा कागद फाडला. "हिमानी, गोल कण वगळून प्रबंध द्या. तुमचे एकशे साठ कोटी समितीला मान्य आहेत."

कुशलने टाळी वाजवली, मग ऋतुराजनेही. हिमानी आधी लीलाच्या गळ्यात पडली, मग बिंदुमाधवांच्या. बिंदुमाधवांनी चष्मा पुसला. यावेळी त्यांना रडू आलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

संध्याकाळी पाणी बरंच उतरलं होतं. दुर्गाघाटाच्या वरच्या पायरीवर प्रेमलाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. बिंदुमाधवांनी उरलेली वाळू मुठीत धरून निरखून पाहिली.

"काय शोधताय?"

"यातला कोणता तो, बघतोय. पोरीची बाजू घेऊन थेट हिमालयातून आलेला."

"मग आदराने सोडा," प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले आणि बिंदुमाधवांनी मूठ उघडली.