पहिला रुदनठसा

"रड की गं बाई!" डॉ. खांबेटे अगदी काकुळतीला आले होते. प्रयोगशाळेच्या काचेच्या खोलीत दोन महिन्यांची जुई त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसत होती.

"एरवी घर डोक्यावर घेते," जुईची आई आणि त्यांची सहकारी ऋजुता म्हणाली, "आज नेमकी शहाणी झालीय."

शेवटी ऋजुताने तिला अर्ध्या दुधावरून उठवलं. जुईने टाहो फोडला आणि पडद्यावर निळी नक्षी उमटली. तो पहिला रुदनठसा. नवं यंत्र आधी आपल्या घरच्यांवर चालवायचं, ही तिथली रीतच. मान लेकीला मिळाला म्हणून ऋजुताने पेढे वाटले.

"मेंदूची ठेवण रडण्यात उतरते," खांबेटे शिकाऊ मुलींना समजावत होते. "आणि ठेवण येते वारशाने. म्हणजे हे रडणं एकट्या जुईचं नव्हे, अख्ख्या घराचं आहे."

ठशात फेफऱ्याची शक्यता दिसली. औषध वेळेत सुरू झालं, जुईला एकदाही झटका आला नाही. ऋजुता यंत्राला दुवा देत राहिली. ठसा आईबाप आणि डॉक्टर सोडून कुणाला दाखवायचा नाही, असं कायद्यातच होतं.

मग सरकार बदललं. कायदा तोच राहिला, एक कलम तेवढं बदललं: ठसे आता सरकारलाही बघता येणार. ज्यांच्यात अशी शक्यता दिसते, त्या मुलांनी पाचव्या वर्षापासून सरकारी निवासी शाळेत राहायचं. त्यांच्याच भल्यासाठी.

जुईची बॅग भरली तेव्हा ऋजुताला सातवा महिना होता.

"आई, तिथे माझी वेणी कोण घालणार?"

ऋजुता उगाचच फणी शोधत राहिली.

जुईला सोडून आल्यावर तिने खांबेट्यांना फोन लावला. "सर, हे बाळ मी यंत्रापुढे आणणारच नाही. बहिणीकडे गावी जाते, घरीच बाळंत होते. ठसाच नाही म्हटल्यावर काय करतील?"

पलीकडे खांबेट्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ऋजुता, तू दवाखान्यात नाव नोंदवलंस ना, त्याच दिवशी यंत्राने हिशेब मांडला. निवासी शाळेत बाळाची जागा राखून ठेवलीय."

"अहो, पण ते अजून रडलंसुद्धा नाही!"

"थोरली रडलीय ना," खांबेटे पुटपुटले. "कायद्याला खात्री लागत नाही गं. शक्यता पुरते."