अर्णव, तू घरी जा

परभणीहून पाथरीला जाणाऱ्या साडेचारच्या बसमध्ये धम्मशीलानं स्वतःचाच आवाज ऐकला... आणि तो येत होता शेजारच्या सीटवरून.

शेजारचा मुलगा इअरफोन घरी विसरला असावा. मोबाइल गुडघ्यावर ठेवून तो अगदी रंगून ऐकत होता. "आता हा अर्णव बघा. पोरगी दिल्लीला शिकायला निघालीय, गाडी सुटायलीय, आन् हा पठ्ठ्या पावसात भिजत फलाटावर पळत येतो. म्हणतो, जाऊ नकोस. आन् ती बया उतरती. आपण टाळ्या वाजवायच्या. का म्हणून? माझं ऐका, याला कानाला धरून फलाटाबाहेर काढा. अर्णव, तू घरी जा."

त्या वर्षी 'पुलापलीकडची रेवा' या कादंबरीनं कॉलेजातल्या पोरींना वेड लावलं होतं. अर्णवची वाक्यं जिच्या-तिच्या स्टेटसला असायची. धम्मशीला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तरुण पोरापोरींसाठी लिहिलेल्या अशा कादंबऱ्यांवर मोबाइलवर बोलायची. व्हिडिओत दिसायचे फक्त तिचे हात आणि मांडीवरचं पुस्तक. "काय बोलायचं ते बोल, पण तोंड दाखवू नको," ही तिच्या आईची, सुमनबाईंची अट होती. त्यामुळे तिचा आवाज बऱ्याच जणांना माहीत होता आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

"ही पोरगी लय भारी बोलते," मुलगा आपण होऊनच म्हणाला. "पण गलत बोलते."

धम्मशीलाला खरं तर खिडकीबाहेर बघत बसायचं होतं. बाहेर कापूस फुटला होता, ऊन कलतं झालं होतं. पण 'गलत' तिला झोंबलं.

"काय गलत हाय त्यात?"

"अर्णव निदान बोलला तरी. आमच्यासारखे तर फलाट तिकिटाच्या लायनीतच उभे राहतील."

"मग राहावं की. पोरीची गाडी तरी वेळेवर सुटंल."

त्यानं मोबाइलकडे बघितलं. मग पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवलेल्या तिच्या हाताकडे बघितलं. पडद्यावर एक वाकडी करंगळी पान उलटत होती, आणि तीच करंगळी दांडीवर होती.

"तुमची करंगळी..." तो चाचरला.

"लहानपणी दारात सापडलती."

"तसं न्हाई. म्हणजे... ही तुमचीच हाय."

"माझ्या हाताला हाय म्हणल्यावर माझीच असंल."

तो कानापर्यंत लाल झाला आणि मग हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. हे आपल्या लक्षात कशाला राहिलं, असं धम्मशीलानं घरी गेल्यावर स्वतःला दोनदा विचारलं, आणि उत्तर न देताच झोपली.

तो सुगत. बोरीचा. बी.एस्सी. होऊन परभणीत खोली करून राहत होता, आणि संध्याकाळी पाथरीला शिकवणीच्या वर्गावर विज्ञान शिकवायला यायचा. ती कॉलेजातून घरी चाललेली, तो कामाला निघालेला. साडेचारची बस दोघांची एकच होती. पहिले काही दिवस जागा योगायोगानं शेजारी मिळाली. पुढे पुढे योगायोगाला दप्तर ठेवून जागा धरावी लागली.

"तुमचं तिकीट अर्धं, आमचं पूर्ण," तो म्हणायचा. "मत मात्र तुमचंच पूर्ण चालायचं."

"बायांना सवलत सरकारनं दिलीय. मताचं आमचं आमी बघून घेतो."

मग पुस्तकांची देवघेव सुरू झाली. ती कादंबरी द्यायची, तो दोन दिवसांत वाचून आणायचा. कोल्हा पाटीपर्यंत कथानक, मानवतपर्यंत नायिका, आणि तिथून पाथरीपर्यंत भांडण, असा नेम पडून गेला. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना विचारायचा, आज कोण मेलं म्हणून.

"हे नायक कायम रागात का असतात हो?" ती म्हणायची. "बापाच्या पैशाची गाडी, खोलीला एसी, तरी तोंड पाडलेलं. बेजार व्हायला काय झालंय याला?"

"आन् यातल्या कुणालाच बस लागत न्हाई," सुगत म्हणायचा. "कुणाचा मेसचा डबा आंबत न्हाई. आन् एक बघितलं का? आपल्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला जो फोटो असतो, तो यांच्या एकाबी घरात नसतो. सगळी भिंत पेंटिंगनं भरलेली."

धम्मशीला त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या कादंबऱ्या तिनं सोलून काढल्या होत्या, पण हे तिनं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पुढच्याच व्हिडिओत ती हे म्हणाली, आणि 'हे मला एका मित्रानं दाखवलं' असंही म्हणाली. सुगतनं तेवढाच तुकडा किती वेळा ऐकला, ते त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त राग तिला नायिकांचा यायचा. "तोंडाला काय कुलूप घातलंय का हिच्या? आवडला तर आवडला म्हणावं. दोनशे पानं कशाला नासवायची?" असं ती तावातावानं बोलायची. सुगत ऐकत राहायचा, हसायचा, आणि मध्येच एकदम खिडकीबाहेर बघायला लागायचा.

थंडी पडली. ज्वारी पोटऱ्यात आली. बसच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली असायची आणि वारं सुईसारखं आत यायचं. एका संध्याकाळी तिनं ओढणी कानाला गुंडाळलेली बघून सुगत उठला, तिला आतल्या बाजूला सरकवलं, आणि आपली बॅग त्या फटीत कोंबून वरून हात दाबून बसला. मानवत येईपर्यंत त्याची बोटं गारठून गेली होती. तिला ती बोटं आपल्या हातात घ्यावीशी वाटली. तिनं त्याऐवजी मांडीवरचं पुस्तक उघडलं.

"मला पटलं तुमचं," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"अर्णवचं. लय विचार केला मी. एखाद्यावर आपला जीव असंल... तर त्याची वाट अडवायची नसती. तुमी म्हणता तेच बरोबर हाय."

हे म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. धम्मशीलाला कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. पण चार महिने चाललेलं भांडण आपण जिंकलो, याच आनंदात ती मुलगी घरी गेली. आईला म्हणाली, "एकाला सुधारलं मी." सुमनबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "काय बिघडला होता तो?" तेव्हा तिला सांगता आलं नाही.

एप्रिलमध्ये पुण्याहून फोन आला. कुमार आणि तरुण वाचकांची पुस्तकं काढणारं एक प्रकाशन होतं. त्यांनी तिचे व्हिडिओ बघितले होते. आलेली हस्तलिखितं वाचायची, लेखकांशी बोलायचं, असं काम. अशा नोकरीची तिनं स्वप्नातही कल्पना केली नव्हती. बातमी तिनं आधी आईला सांगितली आणि मग साडेचारच्या बसमध्ये सुगतला.

तो आधी खूप हसला. डोळे बारीक झाले. अभिनंदन म्हणाला, पुन्हा एकदा म्हणाला. आणि मग कोल्हा पाटी गेली, मानवत आलं, मानवत गेलं, तरी गप्प.

"तुमाला काय वाटतं?" तिनं शेवटी विचारलं.

"जायलाच पाहिजे."

"ते झालंच. पण तुमाला काय वाटतं?"

सुगतनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. "माझ्या वाटण्याचं काय..." तो हळूच म्हणाला. "तुमीच तर सांगितलंय."

तिथं तिनं म्हणायला हवं होतं, की मी कादंबरीबद्दल बोलत होते, आता तुमच्याबद्दल विचारायले. एवढंच. पण तिच्या तोंडाला कुलूप पडलं. दुसऱ्यांच्या नायिकांना इतकं सुनावणारी ती, पाथरीचा स्टँड येईपर्यंत चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

कादंबरीत निरोपाच्या वेळी पाऊस येतो. पाथरीच्या स्टँडवर मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन येतं. पुण्याची गाडी लागली होती. मंदिराला आलेले भाविक जीपवाल्यांशी भाड्यावरून हुज्जत घालत होते. सुमनबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, आणि त्या डोळ्यांना पदर लावून शेडच्या सावलीत उभ्या होत्या.

सुगत परभणीहून पहिल्या गाडीनं आला होता. वर्ग संध्याकाळी, आणि हा सकाळी. ओले केस चापून बसवलेले, शर्ट इस्त्रीचा. त्यानं तिची बॅग वर टाकली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली दिली. मग खाली उतरून तिच्या खिडकीखाली उभा राहिला. तिनं काच पूर्ण उघडली.

"पोचल्यावर कळवा."

"हं."

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. सुगतनं एकदम मान वर केली, तोंड उघडलं, आणि धम्मशीला खिडकीतून जवळजवळ बाहेर वाकली. म्हण, ती मनात म्हणत होती. एकदा म्हण. मी उतरणार नाही, मला जायचंच आहे... पण तू म्हण.

"माजलगावनंतर या बाजूला ऊन येईल," सुगत म्हणाला. "जागा बदलून घ्या."

गाडी निघाली. तो पळत आला नाही. तिनं त्याला जसं शिकवलं होतं, अगदी तसाच तो जागच्या जागी उभा राहिला, हात वर करून, शहाण्यासारखा. धम्मशीलानं माजलगावनंतरही जागा बदलली नाही. ऊन तोंडावर घेत ती बसून राहिली, आणि शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

पुण्यात काम छान होतं. खोट्या दुःखाचं एकही पान तिच्या नजरेतून सुटत नसे. सुरुवातीला सुगतचे मेसेज यायचे. जेवलात का, नवीन काय वाचलं, इकडं पेरण्या झाल्या. तीही उत्तरं द्यायची, पुस्तकांबद्दल भरभरून आणि बाकी काहीच नाही. मग ते कमी झाले. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. दोघांनीही इतका समजूतदारपणा दाखवला, की त्यात सगळं हळूहळू विझून गेलं.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला ती गावी आली. परभणीला रेल्वेनं उतरली आणि मुद्दाम थांबून साडेचारची बस धरली. हो, मुद्दामच. या वेळी ती सरळ बोलणार होती. गाडीत रात्रभर तिनं वाक्य जुळवलं होतं, आणि ते फार साधं होतं.

सुगत चढला. तिला बघून थबकला, आणि डोळे बारीक करून हसला. शेजारी येऊन बसला. तिकिटं काढली, एक अर्धं, एक पूर्ण. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं झालं भेटलाव. घरी येणारच होतो पत्रिका घेऊन."

बाहेर नांगरलेली काळी रानं मागे जात होती.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"पूर्णेची हाय. पिंकी. नर्सिंग केलंय."

"वाचती का?"

"न्हाई. कादंबरीचं नाव काढलं तरी जांभई देती."

"मग भेटल्यावर काय बोलताव तुमी?"

सुगतनं जरा विचार केला. त्याच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. "सरळच बोलतो," तो म्हणाला. "पहिल्याच भेटीत म्हणली, मला तुमी पसंत हाव, तुमचं काय ते सांगा. मग मीबी सांगितलं. पाच मिनिटांत झालं."

कोल्हा पाटी गेली. मग धम्मशीलानं, उशीर झालाय हे माहीत असूनही, हळूच म्हटलं, "त्या दिवशी स्टँडवर... तुमी काहीतरी म्हणणार होताव."

"घोकून आलतो." तो दांडीवरच्या तिच्या करंगळीकडे बघत होता. "आदल्या दिवसापासून. तोंडावर आलं, आन् वाटलं, आपण अर्णव व्हायलो. तुमाला तो अजिबात आवडत न्हाई."

"मी उतरले नसते."

"माहीत हाय. मी उतरा म्हणणारच नव्हतो."

"मला ऐकायचं होतं," ती म्हणाली. "मला तुमी आवडत होताव, सुगत. म्हणायला मलाबी तोंड होतं."

त्यानं मान हलवली. हात तिच्या हाताजवळ आला, आणि मग बॅगेचा पट्टा नीट करायला वळला. पुढे आता पिंकी होती, जी सरळ बोलली होती, आणि तिचा यात काही दोष नव्हता. मानवतला बस थांबली, चढणारे चढले, उतरणारे उतरले.

पाथरीच्या स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "एक काम करता का? तो व्हिडिओ काढून टाका. अजून कुणीतरी ऐकून शहाणं व्हायचं."

तो हसत हसतच म्हणाला, आणि वर्गाच्या रस्त्याला लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत धम्मशीला तिथंच उभी होती. मग शेडमधल्या बाकावर बसून तिनं मोबाइल काढला. 'अर्णव, तू घरी जा' अजूनही तिचा सगळ्यात जास्त बघितला जाणारा व्हिडिओ होता. खाली कुणा मुलीनं सकाळीच लिहिलं होतं, 'ताई, अगदी बरोबर. उद्या मी पुण्याला निघालेय. त्याला सांगून टाकलंय, स्टँडवर येऊ नको.'

तिनं व्हिडिओ काढला नाही. त्या मुलीच्या ओळीखाली वाकड्या करंगळीचा हात बराच वेळ नुसता थांबला. मग तिनं लिहिलं, 'नाही गं. चुकले मी. जायचं तर जाच... पण त्याला येऊ दे. काय म्हणतो ते ऐकून घे, आणि तुझंही सांग.'