तारेचं कडं

ही बनवून सांगितलेली गोष्ट नाही. आमच्या दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेली आहे. आणि रात्री नाही हो... भर दुपारी!

दाजी पेट्रोल पंपाचे मॅनेजर. पंपाच्या मागेच दोन खोल्या. तिथे ते, ताई आणि तान्हं बाळ.

जमिनीखालच्या टाकीतून पाइप निघतो, तिथे एक चेंबर असतो. त्याच्या तळाशी सेन्सर. पाइप गळून तळ ओला झाला, की ऑफिसात भोंगा वाजतो.

त्या आठवड्यात भोंग्याने सगळ्यांचे कान किटले.

"पाणी झिरपलं असेल," म्हणत दाजींनी सेन्सरच तारेने वर बांधून टाकला. जखम मांडीला, मलम शेंडीला!

दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा.

पंपावरच्या पोरांना घेऊन चेंबरचं झाकण उघडलं... सेन्सर तळाशी. तार सुटलेली. तिचं गोल कडं करून बाजूला ठेवलेलं.

दाजींनी ते लगेच ओळखलं. करंगळीभोवती गुंडाळून असं कडं करायचा एकच माणूस. जुना मिस्त्री. "साहेब, सेन्सरला खालीच बसू द्या, नाहीतर मुका होईल," असं सारखं बजावायचा.

आणि मिस्त्री तर गेल्या वर्षीच वारला होता.

"कुणी चेष्टा केली रे?" दाजी गरजले. पोरांनी कानावर हात ठेवले. ते झाकण एकट्याला हलतही नाही.

दाजी हट्टाला पेटले. पिळावर पीळ देऊन सेन्सर पुन्हा बांधला आणि झाकणावरच खुर्ची टाकून बसले.

भोंगा गप्प.

तेवढ्यात मागून ताईची हाक आली. "अहो, ही तार मोरीत कोणी टाकली?"

दाजी धावले.

मोरीच्या जाळीवर... तारेचं कडं.

ते वाकले. आतून पेट्रोलचा भपकारा आला. पंपावर राहून ताईच्या नाकाला त्या वासाची सवयच झालेली. शेगडी पेटवायला तिच्या हातात काडेपेटी होती. शेजारी बाळ झोपलेलं.

"पेटवू नकोस!"

दोघांना त्यांनी अक्षरशः ओढत बाहेर काढलं.

पाइपाची प्रेशर टेस्ट केली तर काटा सरसर खाली. गळलेलं पेट्रोल मातीतून थेट मोरीपर्यंत पोचलं होतं. मग पाइप नवा टाकला. सेन्सर तळाशी.

सगळं सुरळीत होतं... परवापर्यंत.

परवा ताई बाळाला घेऊन आमच्याकडे आली. भोंगा वाजला नव्हता. टेस्ट पास. चेंबर कोरडा ठाक.

तरीही त्यांच्या मोरीच्या जाळीवर पुन्हा... कडं.

दाजींनी पंप बंद ठेवलाय. मालक शिव्या घालतोय, लोक हसतायत. दाजी फोनवर एवढंच म्हणाले, "हसू दे. मशीन चुकेल. मिस्त्री नाही चुकायचा."

ते अजून तिथेच आहेत, जमीन खणून बघतायत. इथे आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.